कलम फाँट: हेडिंगला नको, बाजूच्या चिठ्ठीला मस्त

देवनागरीत हाताने लिहिल्यासारखा दिसणारा, फुकट मिळणारा, युनिकोडवाला (म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रमाण कोडचा) आणि मुख्य म्हणजे वाचता येणारा फाँट सांगा असं कुठल्याही डिझायनर ग्रुपवर विचारलं की पाच मिनिटांत कोणीतरी कलमचं नाव घेतंच, आणि त्यात चूक काहीच नाही, मीही तेच सांगतो. पण त्याच्यापुढे लगेच दुसरं वाक्य जोडतो की बाबा रे, मोठं हेडिंग करायला घेऊ नकोस. लोक ते दुसरं वाक्य ऐकत नाहीत आणि मग बॅनरवर दोन फूट उंचीचं कलम बोल्ड लावून म्हणतात की काहीतरी खोटं खोटं वाटतंय. वाटणारच. हा फाँट त्या कामाचा नाहीच मुळात. कुठल्या कामाचा आहे आणि कुठल्या नाही, हेच जरा सविस्तर लिहितो, कारण देवनागरी फाँटबद्दल मराठीत कोणी फारसं लिहीत नाही आणि इंग्रजीत जे लिहिलेलं असतं ते अर्ध्याहून जास्त लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या, अक्षरांबद्दलच असतं.

आधी थोडी कुंडली. कलम हा इंडियन टाइप फाउंड्री या फाँट बनवणाऱ्या कंपनीचा फाँट, २०१४ साली गूगल फाँट्सवर आला. देवनागरी अक्षरं लिपी रावल यांनी केलीत आणि लॅटिन बाजू जॉनी पिनहॉर्न यांची. वजनं, म्हणजे रेघेच्या जाड्या, तीन, लाइट, रेग्युलर आणि बोल्ड, बस. इटॅलिक वेगळं नाही, व्हेरिएबल (जाडी हवी तेवढी कमीजास्त करता येणारा) फाँट नाही. प्रत्येक वजनात १,०२५ ग्लिफ, म्हणजे वेगवेगळे काढलेले आकार, आहेत. ज्यांना हा आकडा उगाच वाटतो त्यांच्यासाठी, देवनागरीत अक्षरं पन्नासेक असली तरी जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंद्या हे सगळं धरलं की ग्लिफ शेकड्यांत जातात. हँडरायटिंग स्टाइलच्या फाँटमध्ये इतकी मेहनत करणारे कमीच. बाजारात "कॅलिग्राफी" म्हणून जे फिरतं त्यातल्या बऱ्याच फाँटमध्ये द्ध, ह्य, ङ्म असलं काही टाइप केलं की पायमोड्या अक्षरांची रांग लागते. तिथे कलम फार बरा आहे.

आता दिसतो कसा. फेल्ट टिप पेनाने, घाई न करता, पण अगदी शाळेतल्या शुद्धलेखनासारखंही नाही असं लिहिलं तर जे दिसेल तसं. रेघांची टोकं गोल आहेत, जाड-बारीक फरक थोडाच, अक्षरं सुटसुटीत. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जो जाड-बारीकचा थाट असतो तो इथे शोधू नका. देवनागरीचा कल उजवीकडे अगदी किंचित आहे, दोन अंशांच्या आसपास, म्हणजे डोळ्याला उभीच वाटतात अक्षरं. लॅटिन मात्र चांगलीच तिरकी आहे. हे मुद्दाम केलेलं आहे, आणि एकेकटं बघितलं तर दोन्ही छान दिसतं, कारण देवनागरी फार तिरकी केली की काना पडल्यासारखा वाटतो आणि लॅटिन तिरकी केली की उलट जास्त हाताची वाटते. पण आपण एका ओळीत दोन्ही लिपी कोंबतो ना, तिथे गंमत होते. मराठी वाक्याच्या मध्येच एखादं ब्रँडचं नाव रोमनमध्ये आलं की एकाने लिहिता लिहिता पेन दुसऱ्याच्या हातात दिलं असं दिसतं. मला ते खटकतं. माझ्या ओळखीतल्या काहींना ते बिलकुल खटकत नाही, उलट खऱ्या वहीत तसंच असतं म्हणतात, तर हा ज्याच्या त्याच्या डोळ्याचा प्रश्न.

हस्ताक्षराचा फाँट देवनागरीत करणं मुळात वेगळं दुखणं आहे. लॅटिनमध्ये स्क्रिप्ट फाँट म्हटलं की एका अक्षराचं शेपूट दुसऱ्याच्या सुरुवातीला नेमकं जाऊन भिडलं पाहिजे, त्याच्यासाठी डिझायनर लोक केस उपटतात. रॉजर एक्सकोफाँ या फ्रेंच माणसाने १९५३ मध्ये मिस्त्राल केला तो यासाठीच अजून नावाजला जातो, धातूच्या खिळ्यांच्या जमान्यात त्याने सगळी अक्षरं एकमेकांना अशी जोडली की धावतं लिहिल्यासारखं वाटावं. आपल्याकडे जोडायचं काम शिरोरेषाच करून टाकते, आयतं. पण तीच शिरोरेषा मग फाँटला सरळ, मशीनचा करून टाकते. कारण हाताने लिहिताना शिरोरेषा आपण कशी काढतो बघा, कोणी अक्षर लिहिता लिहिता काढतं, कोणी शब्द पूर्ण झाल्यावर वरून एक फर्राटा मारतं, तो कधी वर चढतो कधी खाली येतो, आणि घाईत असलो की काढतच नाही. कलममध्ये ती रेघ शिस्तीत एका पातळीत चालते. वाचायला त्यामुळेच सोपं जातं, आणि हाताचं असल्याचा भास कमी होतो तोही त्यामुळेच.

त्यात मराठीची आणखी एक भानगड आहे, आपली खरी धावती लिपी देवनागरी नव्हतीच, ती मोडी होती. मोडीत आधी पूर्ण ओळभर रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात उचलायचा कमीत कमी. देवनागरीला तर आपण बाळबोधच म्हणायचो, नीट, सुटं, वाचता येईल असं लिहायची लिपी. तेव्हा देवनागरी "कॅज्युअल स्क्रिप्ट" म्हणजे नेमकं काय याचा जुना नमुना डिझायनरला पटकन हातात मिळत नाही, त्याला आजच्या वह्या, शाळेतले फळे, चिठ्ठ्या यांच्याकडेच बघावं लागतं. (योगायोग म्हणजे मोडी युनिकोडमध्ये आली तीही २०१४ सालीच, ७.० आवृत्तीत.) या हिशोबाने बघितलं तर कलम हा बाळबोधच आहे, फक्त शाळा सुटल्यानंतरचा.

आता मोठी उणीव. कलममध्ये प्रत्येक अक्षर दर वेळी हुबेहूब तेच येतं. खऱ्या हातात दोन ल कधी सारखे येत नाहीत. "चला, लागा कामाला" एवढंच टाइप करा आणि साइज वाढवत न्या. लहान असताना ओळ गोड दिसते, मोठी केली की ते तिन्ही ल एकमेकांच्या झेरॉक्स कॉपी आहेत हे डोळ्यात भरतं, काने तर सगळे एका साच्यातले. लॅटिनमध्ये याच्यावर उपाय कधीच निघालाय. पाब्लो इम्पालारी यांचा कॅव्हिएट फाँट घ्या, त्याच्यात ओपनटाइपची (फाँटच्या फाइलमध्येच घातलेल्या नियमांची) सोय अशी आहे की शब्दात अक्षर कुठे आणि कितव्यांदा आलंय ते बघून त्याचा थोडा वेगळा अवतार बसतो, त्यामुळे मोठ्या साइजलाही तो बराच वेळ फसवतो. पण कॅव्हिएटमध्ये लॅटिन आणि सिरिलिक (रशियनची लिपी) आहे, देवनागरी नाही, तेव्हा आपल्याला त्याचा उपयोग शून्य. देवनागरीत ही गोष्ट करायची तर प्रत्येक अक्षराचे दोन-तीन अवतार, मग त्यांच्या जोडाक्षरांचे अवतार, मग मात्रा प्रत्येकावर नीट बसल्या पाहिजेत, काम कुठल्या कुठे जातं. म्हणून मी कलमला दोष देत नाही, पण वापरताना हे लक्षात ठेवायलाच लागतं.

म्हणून माझा साधा नियम. जिथे मजकूर वाचायचाय तिथे कलम लावा, जिथे मजकुराकडे बघायचंय तिथे लावू नका. पोस्टरवरचे तीन शब्द हे चित्र असतं, तिथे फाँट कशाला, एखाद्या बरं अक्षर असलेल्या माणसाला ब्रशपेन देऊन दहा वेळा लिहून घ्या, त्यातलं एक स्कॅन करा, ट्रेस करा, झालं. दहा कागद आणि अर्धा तास लागतो आणि कुठल्याही फाँटपेक्षा भारी दिसतं. लोगोलाही तेच. कलममध्ये नाव टाइप करून त्याला लोगो म्हणणं म्हणजे तोच लोगो उद्या दुसऱ्यालाही दोन मिनिटांत करता येणार हे मान्य करणं, फाँट सगळ्यांना फुकट आहे ना.

मग चालतो कुठे? दुसऱ्या आवाजाला. म्हणजे पानावर एक मुख्य मजकूर आहे, गंभीर, सरळ फाँटमध्ये, आणि त्याच्या बाजूला कोणीतरी हळूच काहीतरी सांगतंय, "हे आधी वाचा", "इथे चुकतं बरं का", "आकृतीतला हा भाग नीट बघा", अशा ओळींना कलम इतका चपखल बसतो की विचारू नका. आकृत्या, नकाशे, स्क्रीनशॉट यांच्यावर बाण काढून लिहायच्या सूचना, हे तर त्याचं हक्काचं घर. बाण थोडा वाकडा काढा, त्याच्या टोकाशी कलम रेग्युलर, एकच रंग, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही मूळ आकृती आणि ही त्याच्यावरची टीप. प्रेझेंटेशनमध्ये मी हेच करतो, आलेख साध्या फाँटमध्ये आणि आलेखावरचं माझं म्हणणं कलममध्ये. लोकांना न सांगता कळतं की आकडे कुठले आणि मत कुठलं.

कॉमिक्सचे फुगे हा दुसरा मोठा वापर. मराठीत कॉमिक करणारी मंडळी फुग्यात सरळ छापील फाँट टाकतात आणि चित्रातला माणूस बातम्या वाचतोय असं वाटायला लागतं. कलम तिथे जीव आणतो, कारण अक्षराची उंची-रुंदी आटोपशीर आहे, ओळ फुग्यात बसते आणि लहान साइजला अनुस्वार, वेलांटी, उकार गिचमिड होत नाहीत. ओरडायचं असलं तर बोल्ड, कुजबुज असली तर लाइट, तीन वजनांत एवढं होऊन जातं. फक्त "धडाम", "फटाक" असले आवाज मात्र हातानेच काढा, परत तेच कारण.

मुलांच्या वर्कशीटला चालतो का हे बरेच जण विचारतात. सूचना लिहायला चालतो, गोष्टीत एखाद्या पात्राचं पत्र दाखवायला चालतो. पण अक्षर गिरवायला शिकवायचं असेल तर नको, तिथे वळण दाखवणारा, शाळेत शिकवतात त्या आकारांचा फाँट पाहिजे, नाहीतर पोरगं फाँटचं वळण उचलेल आणि बाई दुसरंच सांगतील. ॲपमध्ये नोट्स, चिकटचिठ्ठ्या, रिकाम्या स्क्रीनवरचा "अजून इथे काही नाही" टाइपचा मजकूर, ग्राहकाचं म्हणणं अवतरणात दाखवायचं असेल ते, सगळीकडे बरा. बटणांवर नको. बटणावर माणूस वाचत नाही, ओळखतो, तिथे ओळखीचा सरळ फाँटच पाहिजे.

आणि कुठे अजिबात नको याच्याबद्दल कॉमिक सान्सची गोष्ट कायम आठवते. व्हिन्सेंट कॉनर यांनी तो १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये असताना केला, कारण मायक्रोसॉफ्ट बॉब नावाच्या प्रोग्रॅममध्ये एक कार्टून कुत्रा फुग्यात टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलत होता आणि त्यांना ते बघवेना. बॉबमध्ये तो वेळेत गेलाच नाही, पण पुढे विंडोजबरोबर घराघरात पोचला, आणि फुग्यासाठी केलेला फाँट लोकांनी नोटिसांपासून ऑफिसच्या मेलपर्यंत सगळीकडे फासला. २०१२ च्या जुलैमध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन या कणाचे निष्कर्ष सांगताना शास्त्रज्ञ फाबिओला जानोत्ती यांच्या स्लाइड कॉमिक सान्समध्ये होत्या, तेव्हा इंटरनेटवर अर्धे लोक कणाबद्दल बोलत होते आणि अर्धे फाँटबद्दल. कॉमिक सान्स तितका वाईट नाहीये खरं तर, जागा चुकल्या त्याच्या. कलमचंही तेच होऊ घातलंय. श्रद्धांजलीचा मजकूर, कायदेशीर सूचना, औषधाची माहिती, पगाराचं पत्र, असल्या ठिकाणी कलम बघितला की वाटतं लिहिणाऱ्याने हे मनावर घेतलेलंच नाही. लांब लेखालाही नको, पाचसहा ओळींपुढे डोळा कंटाळतो. सुरुवातीला मोकळं वाटतं ते दुसऱ्या परिच्छेदात लाडिक वाटायला लागतं.

वजनांबद्दल थोडक्यात. रेग्युलर हा खरा फाँट, बाकी दोन गरजेपुरते. लाइट पांढऱ्या कागदावर काळ्या शाईत सुंदर, पण रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं छापायची असतील तर शाई आत येऊन रेघ आणखी बारीक होते आणि अनुस्वार गायब व्हायला लागतात, तिथे सरळ बोल्ड घ्या. बोल्ड मला दिसायला जरा ढोला वाटतो, फेल्ट पेन जाऊन एकदम जाड मार्कर हातात आल्यासारखा. यांच्या मधलं एखादं वजन असतं तर फार बरं झालं असतं.

मराठीची परीक्षा. कुठलाही देवनागरी फाँट घेतला की मी काही शब्द आधी टाइप करून बघतो. वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, हा पहिला गठ्ठा, कारण हा अर्धा र हिंदीला लागत नाही आणि म्हणून बऱ्याच फाँटमध्ये तो विसरलेला असतो. मग ॲप, ऑफिस, बॅट, यांचा चंद्र अक्षराला चिकटतो का उडतो ते. मग वाङ्मय, उद्घाटन, चिन्ह, हृदय, कर्तृत्व, राष्ट्र, त्र्यंबक. कलम या सगळ्यातून व्यवस्थित पार पडतो, आणि जोडाक्षरं उगाच उभी रचून गुंतागुंतीची केलेली वाटत नाहीत, आजचा माणूस हाताने लिहील तशी आहेत. ल आणि श चं मात्र वेगळं प्रकरण आहे. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल, तसंच श, यांना युनिकोडमध्ये कोड एकच आहे, आकार कुठला दाखवायचा ते फाँट आणि सॉफ्टवेअर मिळून ठरवतात. तेव्हा फाँट कलम असो की दुसरा कुठला, मजकुराची भाषा मराठी अशी सेट करायची सवय लावा, वेबपेजवर लँग ॲट्रिब्यूटमध्ये एमआर लिहा, आणि फायनल करायच्या आधी ल, श कडे एकदा डोळे घालून बघा. लेख छापून आल्यावर आजोबा लोक तेवढंच धरून बसतात.

आता सॉफ्टवेअरचा जाच, कारण कलमबद्दलच्या निम्म्या तक्रारी प्रत्यक्षात याच असतात. वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटून मध्ये पाय मोडलेले दिसले, तर फाँट डिलीट करू नका, ॲडोबीच्या प्रोग्रॅममध्ये टाइप सेटिंगला जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर किंवा साऊथ एशियन टेक्स्ट इंजिन चालू करा, सगळं जागेवर येतं. दुसरं, श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरच्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर कॉपी करून त्याला कलम लावला तर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसणार, कारण तो मजकूर युनिकोड नाहीच, आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग रफार आणि वेलांट्या हाताने तपासा, कन्व्हर्टर तिथे हमखास घोटाळा करतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रॅकिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नका. लॅटिनमध्ये अक्षरांत जागा सोडली की शोभून दिसतं म्हणून लोक देवनागरीतही सोडतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. वेबसाइटवर तर एखाद्या थीममध्ये लेटर-स्पेसिंग आधीच घातलेलं असतं आणि मराठी मजकूर का तुटतोय ते कोणाला कळत नाही, तिथे मराठीपुरतं ते शून्य करा. तसंच खोटं इटॅलिक. कलमला इटॅलिक नाही म्हटलं की ब्राउझर किंवा वर्ड स्वतःच अक्षरं तिरकी करून देतो, आधीच तिरकी असलेली लॅटिन मग चक्क आडवी पडते. जोर द्यायचाय तर रंग बदला किंवा खाली एक रेघ मारा, हस्ताक्षरात माणूस तेच करतो.

ओळींमधलं अंतर बघून घ्या. कलमची स्वतःची लाइन हाइट बरीच मोठी आहे, वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार सगळ्यांना जागा म्हणून. त्यामुळे दुसऱ्या फाँटच्या जागी नुसता कलम लावला की लेआउट खाली सरकतो, डबीतला मजकूर मधोमध न राहता थोडा हललेला वाटतो. वेबवर लाइन हाइट स्वतः द्या, दीडपटीच्या आसपास ठीक जाते, त्याच्या फार खाली आणली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. वेबसाठी आणखी एक, देवनागरी फाँट लॅटिनपेक्षा जड असतात, तेव्हा तिन्ही वजनं लोड करू नका. कलम जर फक्त टिपांना वापरताय तर एकट्या रेग्युलरमध्ये काम भागतं.

दुसरे पर्याय काय? तिल्लाना त्याच फाउंड्रीचा, आणि डिझायनरही तेच दोघे, पाच वजनं, जास्त नखरेल, शीर्षकाला कलमपेक्षा बरा पण टिपेला जड. डेक्को एकाच वजनात, जास्त भोळा, लहान मुलांच्या गोष्टीत गोड दिसतो. अमितामध्ये रेग्युलर आणि बोल्ड आहे, तो लपेटदार, निमंत्रणाकडे झुकणारा, त्याला रोजच्या बोलण्यात वापरलं की नाटकी वाटतं. टाइपटुगेदर या फाउंड्रीचा प्लेपेन सान्स आता देवनागरीतही आलाय, वहीतल्या अक्षरासारखा, आणि वजनं पातळपासून एकदम जाडपर्यंत व्हेरिएबल, त्यामुळे बोल्ड आणि रेग्युलरच्या मधलं काहीतरी पाहिजे ही माझी वरची तक्रार ज्यांची असेल त्यांनी तो जरूर बघा. तरी चिठ्ठीचा आवाज म्हणून मला कलमच जवळचा वाटतो, प्लेपेन जास्त गोंडस आहे. मोठ्या माणसाचं अक्षर पाहिजे असेल तर कलम, असं म्हणतो मी.

जोडी कोणाबरोबर लावायची? मुख्य मजकूर 'एक टाइप' या फाउंड्रीच्या 'मुक्त' फाँटमध्ये असला तर कलम त्याच्याबरोबर आरामात नांदतो, दोघांचाही स्वभाव सरळ. छापील पुस्तकाचा बाज पाहिजे असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, तो खास मराठी वळणाचे आकार धरून वेगळा काढलेला आहे, जाड-बारीक रेघांचा, आणि त्याच्या भारदस्त ओळींच्या बाजूला समासात कलम लाइटमध्ये टीप टाकली की पुस्तक कोणीतरी आधी वाचून खुणा करून दिल्यासारखं दिसतं. साइज मात्र सारखी ठेवू नका, आकडा तोच असला तरी डोळ्याला दोन फाँट सारखे दिसत नाहीत, अक्षराची उंची जुळेपर्यंत वरखाली करा. आणि एका पानावर दोन हस्ताक्षराचे फाँट कधीच नको, कलम आणि तिल्लाना एकत्र तर नकोच नको.

लायसन्सचं टेन्शन नाही. एसआयएल ओपन फाँट लायसन्स आहे, धंद्याच्या कामाला वापरा, छापा, ॲपमध्ये घाला, पीडीएफमध्ये एम्बेड करा, कोणाला विचारायला नको. फाँटची फाइल एकटी विकायला तेवढी बंदी आहे. डाउनलोड थेट गूगल फाँट्सवरून करा, कुठल्या तरी "पाच हजार मराठी फाँट" वाल्या झिपमधून नको, त्याच्यात जुन्या किंवा कोणीतरी छेडछाड केलेल्या फाइली असतात आणि नंतर तुमच्याकडे एक दिसतं, प्रेसमध्ये दुसरंच.

प्रेसला देताना फाइल आउटलाइन करून (अक्षरांचे नुसते आकार करून) द्या, पण एक कॉपी टेक्स्टसकट तुमच्याकडे ठेवा. आणि आउटलाइन करायच्या आधी पूर्ण मजकूर कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, हस्ताक्षराच्या फाँटमध्ये शुद्धलेखनाची चूक फार सहज लपते, कारण डोळा समजतो की लिहिणाऱ्याचं अक्षरच तसं असेल.